मागाच्या शेडवरचे सिमेंट पत्रे, ॲस्बेस्टॉसची शंका आणि जागेचा व्यवहार (सोलापूर)

सूतगुंडी | २ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे.

सोलापूरला पूर्व भागात, अशोक चौकातून आत, आमच्या बाबांचा चादरीचा कारखाना होता. बारा माग, त्यातले चार जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे. बाबा गेल्यावर दोन वर्षं माग बंदच होते, गेल्या दिवाळीत ते भंगारात गेले. आता उरलाय रिकामा शेड, पन्नास बाय पस्तीसचा, आणि त्याला लागून आईचं दोन खोल्यांचं घर. शेड आणि त्याखालची जागा विकायची असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. घर आईच्या नावावर राहील. ती तिथून हलणार नाही आणि आम्ही तिला हलवणारही नाही.

गिऱ्हाईक मिळालंय, भावही ठरलाय. इसार द्यायला ते पुढच्या आठवड्यात येतील. त्यांची एकच अट आहे, जागा मोकळी करून द्या. त्यावर मधले एजंट म्हणाले, "ताई, काळजी करू नका. जेसीबी लावतो, अर्ध्या दिवसात शेड झोपवतो. चांगले निघतील तेवढे पत्रे मी उचलतो, त्याचे वर पैसे देतो."

शेडवर चौसष्ट सिमेंटचे पत्रे आहेत. बाबांनी ते १९८७ साली टाकले. गेल्या रविवारी मी आत जाऊन नीट बघितलं. जे-हुकाच्या (पत्रा लोखंडी अँगलला आवळणारा वाकडा आकडा) भोकांभोवती तडे गेलेत. पन्हाळीकडच्या कडा झिजून केसाळ झाल्यात, म्हणजे जुन्या गोणपाटाची कड कशी सुटते तशा. जकार्ड दुरुस्तीसाठी वर चढायची जी शिडी होती, तिच्यावर उभं राहिलं की पत्रा डोक्याला लागतो. बाबा तासन्‌तास तिथे वाकून बसायचे. मी कडेला बोट लावलं तर बोटाला पांढुरकं, तंतूसारखं काहीतरी चिकटलं. तेव्हापासून मला झोप नाही.

आमचा बोळ सहा फुटांचा. समोरच्या ओट्यावर चार-पाच जणी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळत बसतात. त्यातल्या दोघी मला लहानपणापासून ओळखतात. जेसीबीने शेड पाडला तर तो धुरळा कुठे जाणार? त्यांच्या सुपात आणि आईच्या अंगणात.

हे ॲस्बेस्टॉसच (सिमेंटच्या पत्र्यात घालतात ते तंतुमय खनिज) असेल का? असेल तर विकताना सांगावं लागतं का? आणि हे पत्रे उतरवायचे कसे, टाकायचे कुठे? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

---

मधलामारुती | २ मार्च, रात्री ११:१५

ताई, एवढं घाबरू नका. आमच्या वाड्याच्या मागच्या खोल्यांवर चाळीस वर्षं हेच पत्रे आहेत. सोलापुरात माळवद गेलं तिथे तिथे हेच आले. कुणाला काही झालेलं मी बघितलं नाही. व्यवहार चांगला जमलाय तर तो असल्या शंकेपायी मोडू नका, एवढंच सांगणं.

---

होटगीरोडकर | ३ मार्च, सकाळी ७:५०

मी स्थापत्य अभियंता आहे, बावीस वर्षं सोलापुरातच काम करतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. १९८७ चा नालीदार सिमेंट पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉसचा, हे धरूनच चाला. पत्र्यावर कुठे "आयएस ४५९" असा शिक्का दिसला तर शंकाच उरत नाही, कारण ते मानक ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचंच आहे. बिनॲस्बेस्टॉसचे तंतू-सिमेंट पत्रे आता मिळतात, त्यांचं मानक वेगळं आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक कळत नाही. खात्रीच हवी असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तुकडा तपासून मिळतो. तिथे तो खास सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण तुमच्या बाबतीत तपासणीवर पैसे घालवण्यापेक्षा ते उतरवण्यावर घाला.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण आठ ते दहा टक्के असतं, बाकी सिमेंट वगैरे. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात तोवर पत्रा डोक्यावर असून फारसा त्रास देत नाही. मधलामारुती म्हणतात ते इथपर्यंत बरोबर आहे. पण सदतीस-अडतीस पावसाळे आणि सोलापूरचं ऊन खाल्लेल्या पत्र्याचं वरचं सिमेंट धुऊन जातं आणि तंतू उघडे पडतात. तुम्ही ज्याला केसाळ कड म्हणता ती हीच. अशा पत्र्याला कापणं, घासणं, भोक पाडणं, फोडणं, म्हणजे ते तंतू हवेत सोडणं. जेसीबीने शेड झोपवणं हा सगळ्यांत वाईट मार्ग आहे.

हिशोब करून बघा. दहा फुटी पत्रा अंदाजे चाळीस किलोचा. चौसष्ट पत्रे म्हणजे अडीच टनांच्या वर माल. त्यात आठ टक्के धरले तरी दोनशे किलो ॲस्बेस्टॉस. तेवढं सहा फुटी बोळात फोडायचं नसतं.

---

बार्शीची_डॉक्टर | ३ मार्च, दुपारी २:०५

मधलामारुती काकांचं वाक्य मी ओपीडीत खूपदा ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. राग मानू नका.

"कुणाला काही झालं नाही" असं वाटतं कारण हा आजार फार उशिरा दिसतो. तंतू श्वासातून फुफ्फुसात गेला की शरीराला तो विरघळवता येत नाही. आजार वर यायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कारखान्यांना आदेश दिला होता, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यात जे उशिरा असेल तोपर्यंत ठेवा. एवढी वर्षं का, हे यावरूनच कळतं. तोवर माणसाने गाव बदललेलं असतं, काम सोडलेलं असतं. डॉक्टरला तो सांगतो, "दम लागतो, बिड्या ओढायचो." डॉक्टरही तेवढंच लिहून घेतो. पत्र्याचं काम केलं होतं का, असं कुणी विचारतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, आपल्या पत्र्यातलं पांढरं धरून, माणसात कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात टाकलेत. त्याने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, होतो. ॲस्बेस्टॉसिस होतो, त्यात फुफ्फुस हळूहळू कडक होत जातं. धूम्रपान करणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

आता सूतगुंडीताई, तुमच्यासाठी. एकदा बोट लावलं, एका रविवारी शेडमध्ये उभ्या राहिलात, त्याने घाबरून जाऊ नका. धोका वाढतो तो जास्त धूळ आणि जास्त काळ श्वासात गेली तर. त्यासाठी सीटी स्कॅन करत फिरू नका. काळजी करायची ती पत्रे उतरवणाऱ्या पोरांची. तुमचं काम त्यांच्यासाठी वर्षातलं पन्नासावं असतं.

---

सूतगुंडी | ३ मार्च, रात्री ९:३०

डॉक्टर, खूप आभार. एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दर वर्षी गड्ड्याची जत्रा सरली, ऊन चढायला लागलं की बाबा पत्र्यावर चुना मारायचे, म्हणजे खाली मागावर बसवेल एवढा गारवा राहायचा. आधी तारेच्या ब्रशाने शेवाळ आणि जुना चुना घासून काढायचे. मी आणि धाकटा भाऊ शिडीखाली बादली धरून उभे असायचो. वरून पांढरी भुकटी पडायची ती आम्हाला चुन्याचीच वाटायची. बाबांना शेवटची चार वर्षं दम लागत होता. "सुताची धूळ," असं सगळे म्हणायचे. असेलही तसंच. आता कुणाला विचारणार?

हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. अजूनही पूर्व भागात दर मार्चला कुणी ना कुणी तारेचा ब्रश घेऊन पत्र्यावर चढतंच. त्यांच्यापर्यंत हे पोचावं एवढंच वाटतं.

---

जे_हुक | ४ मार्च, सकाळी ६:२०

ताई, मी पंचवीस वर्षं पत्रे टाकालोय आणि काढालोय. अक्कलकोट रोड, चिंचोळी, सगळीकडं काम केलंय. खरं सांगतो, आम्ही काढताना हातोडाच घालतो. जे-हुक गंजून बसलेला असतो, नट फिरत नाही. एक हुक सोडवायला दहा मिनिटं जातात, पत्रा फोडायला दहा सेकंद. मालक रोजंदारीवर बोलतो, आम्ही लवकर उरकतो. तोंडाला रुमाल, दुसरं काय.

आमचे उस्ताद साठीच्या आत गेले, खोकून खोकून. कशानं ते कुणी तपासलं नाही.

नीट काढायचं असलं तर असं करा. पत्रा आदल्या संध्याकाळी आणि काढायच्या आधी भिजवायचा. पाण्यात थोडा भांड्याचा साबण घाला म्हणजे पाणी आत शिरतं. पाइपचा जोर लावायचा नाही, फवारणीच्या पंपानं झिरमिर मारायचं. वरनं नट सुटत नसला तर खालनं अँगलजवळ हुकच बोल्टकटरनं तोडायचा. ग्राइंडर पत्र्याला लावायचाच नाही, कधीच नाही. पत्रा अखंड उचलून दोघांनी दोर लावून खाली सोडायचा, फेकायचा नाही. शेवटचा टाकलेला पत्रा पहिला निघतो, उलट क्रमानं.

आणि एक. जुन्या पत्र्यावर पाय देऊ नका. आमच्यातला एक पोरगा पत्र्यासकट खाली आला, कंबर गेली त्याची. कैचीच्या (छप्पर पेलणारा लोखंडी सांगाडा) अँगलवर आडव्या फळ्या टाकून त्यावरच चालायचं. पत्रा ओला असला की घसरतोय पण, म्हणून कमरेला पट्टा बांधायचा. धुळीचं दुखणं वीस वर्षांनी, पडायचं दुखणं त्याच दिवशी.

---

कोर्टाबाहेर | ४ मार्च, दुपारी १२:४५

कायद्याच्या बाजूने लिहितो. वकील आहे, बहुतेक काम मिळकतीच्या व्यवहारांचंच.

ॲस्बेस्टॉसचं छप्पर असलेली मिळकत विकायला भारतात बंदी नाही. विक्रीआधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या, असंही कुठला कायदा सांगत नाही. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही कायदेशीरपणे बनतात आणि विकले जातात. त्यामुळे मिळकतीवर असे पत्रे आहेत एवढ्यावरून खरेदीखत अडत नाही.

सांगावं लागतं का? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याला कळलं नसतं, असा मिळकतीतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. आता छप्पर डोळ्यांसमोर आहे, तेव्हा "दिसत होतं की" असा बचाव करता येतो. पण जमिनीत पुरलेले तुकडे, छताखाली झाकलेले पत्रे, भिंतीत गाडलेला ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप हे दिसत नाहीत. अशिलांना मी सांगतो की सगळं सांगा आणि लिहून ठेवा. सांगितल्याने व्यवहार मोडल्याचं मी क्वचितच पाहिलंय, लपवल्याने कोर्टात आलेले मात्र पुष्कळ पाहिलेत.

तुमचा खरा धोका "जागा मोकळी करून देणे" या चार शब्दांत आहे. कशी मोकळी करायची, कोणी, कोणाच्या खर्चाने, राडारोडा कुठे जाणार, यातलं काहीच त्यात नाही. इसार पावतीवर एवढंच लिहिलं गेलं तर तारीख जवळ आली की जेसीबीच येतो. म्हणून साठेखतात (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात) असं घाला:

"सदर मिळकतीवरील शेडचे छप्पर ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचे असून त्याची संपूर्ण कल्पना लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस दिलेली आहे. सदरचे पत्रे न फोडता, ओले करून, अखंड स्थितीत उतरवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणेचे आहेत. पत्रे उतरविल्याखेरीज शेडचे पाडकाम कोणीही करणेचे नाही. पत्रे उतरविणे, वाहतूक व विल्हेवाट यांचा खर्च उभयतांनी निम्मा-निम्मा सोसणेचा आहे. सदरचे पत्रे पुनर्वापरासाठी कोणासही विकणेचे अगर देणेचे नाहीत."

खर्चाची विभागणी तुम्ही ठरवाल तशी. शिवाय मोबदल्यातली काही रक्कम विल्हेवाटीची पावती मिळेपर्यंत राखून ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजू काम पूर्ण करतात. ताब्याची तारीख पाडकामाच्या तारखेशी बांधू नका, हातात पंधरा-वीस दिवस जास्त ठेवा.

---

मधलामारुती | ४ मार्च, दुपारी ३:१०

डॉक्टरताईंचं वाचलं. तारेच्या ब्रशाचं आमच्याकडेही तसंच आहे, मीच चढतो. यंदा नाही चढणार.

पण शेवटच्या अटीबद्दल विचारतो. चांगले पत्रे पुन्हा विकायला काय हरकत आहे? मोहोळ, बार्शीकडे गोठ्याला, कडबा झाकायला शेतकरी हौसेने नेतात. गरिबाचं छप्पर होतं. एजंटही पैसे देतोय.

---

होटगीरोडकर | ४ मार्च, संध्याकाळी ७:००

काका, प्रश्न रास्त आहे, मीही पूर्वी असेच पत्रे देऊन टाकलेत. आता देत नाही. जुना पत्रा दुसऱ्या ठिकाणी बसवायचा तर त्याला नवी भोकं पाडावी लागतात, माप जुळवायला कापावा लागतो, आणि ते काम कोण करतो? शेतकरी स्वतः, घरच्या पोराला हाताशी घेऊन, तोंडाला काही न लावता. नेताना फुटलेले तुकडे बांधावर पडतात, पुढे खड्ड्यात भर म्हणून जातात. आपल्या जागेवरची अडचण आपण दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवतो. फुकट दिली तरी.

२०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ॲस्बेस्टॉसचा कचरा यादीत आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सोलापुरात आहे, तिथे लेखी अर्ज द्या: अमुक ठिकाणी इतके पत्रे, इतकं वजन, विल्हेवाटीचा मार्ग कळवावा. असा कचरा पुरण्याची सोय असलेलं केंद्र आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याजवळ रांजणगावला आहे. एकट्या घरमालकाला हे किचकट पडतं हे कबूल. पण अर्जाची पोच हातात असली तरी तुमची बाजू भक्कम होते.

---

लेस्टरची_सोलापूरकर | ४ मार्च, रात्री ११:५०

माझं माहेर साखर पेठेतलं, आता बारा वर्षं इंग्लंडमध्ये. इथे निळं आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५ ला बंद झालं, पांढरं १९९९ ला. तरी जुन्या घरांत ते जागोजागी आहे आणि अशी घरं रोज विकली जातात. आम्ही घर घेतलं तेव्हा गॅरेजचं छप्पर ॲस्बेस्टॉस सिमेंटचं निघालं. पाहणी अहवालात तसं लिहून आलं, विकणाऱ्या आजोबांनी ते मान्य केलं, उतरवायच्या खर्चाएवढी किंमत कमी झाली. अर्ध्या तासाचं बोलणं. कुणी कुणाला फसवलं असं वाटलं नाही.

उतरवायला आलेल्या दोघांनी पांढरे पोशाख घातले होते, काम झाल्यावर ते तिथेच काढून पिशवीत भरले. मला आपल्याकडची आठवण झाली. आमच्या बोळातला एक पत्रेवाला कामावरून आला की त्याची मुलगी त्याच्या गळ्यात पडायची, त्याच कपड्यांवर. ताई, तुमच्या कामगारांना निदान अंघोळ आणि बदलायचे कपडे तिथेच मिळतील असं बघा.

---

डाईंगवाला | ५ मार्च, सकाळी ९:१५

थोडं विषयाला सोडून, पण याच गावचं म्हणून लिहितो. टॉवेलचं जुनं डाईंग (रंगवायचं युनिट) किंवा सायझिंग (सुताला खळ लावायचं युनिट) कुणी विकत असेल किंवा घेत असेल तर पत्र्याआधी बॉयलर बघा. वाफेच्या पाइपांना पांढरी दोरी गुंडाळलेली असते, बॉयलरच्या दाराला तीच दोरी, वर प्लास्टरसारखा लेप. जुन्या युनिटात ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. पत्र्यात निदान सिमेंट धरून ठेवतं, ही दोरी हाताने चुरली जाते. भंगारवाला पाइप काढताना ती ओरबाडून फेकतो. आमच्या युनिटच्या सौद्यात मी पाइप जागेवरच ठेवून, दोरी ओली करून, माणूस लावून काढून घेतली. तोवर भंगारवाल्याला फाटकाच्या आत घेतलं नाही.

---

सूतगुंडी | ६ मार्च, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मी एजंटना बाजूला ठेवून घेणाऱ्यांशी थेट फोनवर बोलले. ते स्वतः कारखानदार, वयाने बाबांएवढे. मी म्हटलं, "काका, शेडवर ॲस्बेस्टॉस आहे, मी ते फोडू देणार नाही, आणि खर्चाचं तुमच्याशी बोलायचंय." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या गोदामावरही तेच पत्रे आहेत. पोरांना काय सांगू ते तुझं बघून ठरवतो." खर्च निम्मा-निम्मा ठरला. कोर्टाबाहेर यांचा मसुदा जसाच्या तसा आमच्या वकिलांना दिला, त्यांनी दोन शब्द बदलले फक्त. एजंटना पत्र्याचे पैसे नकोत म्हणून कळवलं.

आता जे_हुक दादांना विचारते. चौसष्ट पत्रे भिजवायला पाणी किती? आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो. आणि मास्क कोणता?

---

जे_हुक | ७ मार्च, सकाळी ६:०५

ताई, टँकर मागवा, छोटा. नळाच्या भरवशावर राहू नका. मार्चात पत्रा भिजवला की अर्ध्या तासात सुकतोय, म्हणून एका वेळी आठ-दहाच भिजवायचे आणि ते काढले की पुढचे. काम पहाटे साडेपाचला सुरू करून दहाला बंद. वारं कमी असतंय, ऊनपण नाही.

---

बार्शीची_डॉक्टर | ७ मार्च, सकाळी ८:४०

मास्क एफएफपी३ दर्जाचा घ्या, औद्योगिक सुरक्षेचं सामान मिळतं तिथे मिळेल. कापडी किंवा दवाखान्यातला निळा मास्क याला चालत नाही. दाढी असेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसत नाही, दाढी करायला लावा. रोज नवा मास्क. खाली पडलेला कचरा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकंही त्याच पिशवीत टाका. पाणी प्यायचं, तंबाखू खायची, ते हात-तोंड धुऊन, लांब जाऊन.

---

सूतगुंडी | २६ मार्च, रात्री ९:१०

काम झालं. तीन दिवस लागले. जे_हुक दादा स्वतः चार माणसं घेऊन आले, त्यांचे वेगळे आभार.

ओट्यावरच्या बायकांना आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितलं. त्या तीन दिवस पलीकडच्या बोळातल्या देवळाच्या मंडपात बसल्या, सूपं आणि पानं घेऊन. शेजारच्या तीन घरांनी खिडक्या लावून घेतल्या, वाळत घातलेले कपडे काढले. एका घराने तक्रार केली की एवढं कशाला, पत्रेच तर आहेत. त्यांना मी डॉक्टरांची पोस्ट वाचून दाखवली.

चौसष्टपैकी तीन पत्रे फुटले, तेही आधीच तडे गेलेले. एक उतरवताना मधोमध मोडला तेव्हा मी खाली उभी होते. ओला असूनही त्या मोडलेल्या कडेतून तंतू दिसत होते, दशी काढलेल्या चादरीच्या काठासारखे. दादांनी लगेच त्यावर पुन्हा पाणी मारलं, तुकडे दुहेरी प्लास्टिकमध्ये भरून वरून चिकटपट्टी लावली, मोठ्या अक्षरांत "ॲस्बेस्टॉस, फोडू नये" लिहिलं. बाकीचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेत. मंडळाच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच मिळाली आहे. परवानाधारक वाहतूकदाराशी बोलणं चालू आहे. घेणारे काका म्हणाले, गठ्ठे जाईपर्यंत मी भिंत पाडत नाही. राखून ठेवलेली रक्कम त्या पावतीवरच सुटणार आहे.

उघडा शेड पाहून आई बराच वेळ दारात उभी होती. मागांच्या पायांचे चौकोनी डाग फरशीवर अजून आहेत, बारा जागी.

एक राहिलंच. आईच्या स्वयंपाकघरावरही असे सहा पत्रे आहेत. ते शेडनंतर, १९९४ च्या सुमाराला टाकलेले. तडे नाहीत, कडा धड आहेत. तेही काढू का?

---

होटगीरोडकर | २६ मार्च, रात्री १०:३०

धड असतील तर आत्ता हात लावू नका. काढतानाच धूळ होते. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, खालून तपासा: तडा, ओल, केसाळ कड. त्यातलं काही दिसलं की मग बदला. बदलताना रंगीत लोखंडी प्रोफाइल पत्रा घेतलात तर खाली उष्णतारोधक थर घालायला विसरू नका, नाहीतर मे महिन्यात आईंना स्वयंपाक करवणार नाही. पंखा किंवा दिवा टांगायला त्या पत्र्याला भोक पाडू देऊ नका, अँगलला टांगा. घराच्या कागदांत पत्र्यांची नोंद ठेवा, पुढे तुम्हा भावंडांना लागेल.

---

जे_हुक | २७ मार्च, सकाळी ६:१५

आणि आईंना चुना मारायचा असला तर ब्रश नको, झाडणं नको. फवाऱ्यानं पत्रा ओला करा आणि पंपानंच चुना मारा. मी रविवारी तिकडंच आहे, पंप घेऊन येतो.